पिशवीचे अस्तर

घरातल्या वस्तूंमध्ये पिशवीइतकी कष्टाळू आणि पिशवीइतकी उपेक्षित वस्तू दुसरी क्वचितच सापडेल. दाराआडच्या खुंटीवर ती मुकाट्याने लोंबत असते. सकाळी तिच्यातून भाजी येते, दुपारी वाचनालयातील पुस्तके येतात, संध्याकाळी दळणाचा डबा तिच्यातूनच गिरणीत जाऊन येतो. इतके करूनही तिची आठवण केव्हा होते? तिचा बंद भर रस्त्यात तुटतो आणि कांदेबटाटे चहूकडे धावू लागतात तेव्हा! त्या वेळी मात्र तिला आणि तिच्या शिवणाऱ्याला नावे ठेवावयास कोणी विसरत नाही.

पिशवी शिवणे ही काही फार मोठी विद्या नव्हे. सदऱ्याची बाही किंवा चोळीचा गळा बेतावयाचा, तर कसबी शिंप्यालाही क्षणभर थांबून विचार करावा लागतो. पिशवी हे निव्वळ सरळ रेषांचे काम. म्हणून नवशिक्याच्या हाती पहिल्याप्रथम तेच देतात. परंतु सोपे काम आणि कसेबसे उरकावयाचे काम या दोन गोष्टी एक नव्हेत. पिशवी अस्तराची असली, म्हणजे हा भेद चांगलाच प्रत्ययास येतो.

अस्तर म्हणजे पिशवीच्या पोटातील दुसरी पिशवी. बाहेरचे कापड जाड खादीचे किंवा मांजरपाटाचे घ्यावे. आतले मऊ सुती असले तरी चालते. पुष्कळ घरांत आजीच्या जुन्या लुगड्याचा धड भाग यासाठी राखून ठेवलेला असतो. लुगडे उजेडासमोर धरले, की कोठे विरले आहे आणि कोठे अजून दम आहे, हे लगेच दिसते. विरलेला भाग पोतेऱ्याकडे जातो. धड भाग पिशवीच्या आत जाऊन आणखी काही वर्षे सेवा करतो.

कापड हाती येताच कात्री चालवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. लुगडे मात्र शेकडो वेळा धुतले गेलेले असते. त्याला आता आटावयाचे काही उरलेले नसते. दोन्ही कापडे तशीच जोडली, तर पहिल्या धुण्यानंतर बाहेरची पिशवी आखूड होते आणि आतले अस्तर गोळा होऊन बसते. म्हणून नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच बेतावयास बसावे.

बाहेरच्या कापडाचे ४२ सेंटीमीटर उंचीचे आणि ३८ सेंटीमीटर रुंदीचे दोन तुकडे कापावेत. अस्तराचेही तेवढेच दोन. बंदांसाठी ६० सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या लागतात. त्या कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने काढाव्यात. कापड उभे आणि आडवे ओढून पाहिले, तर उभ्या बाजूने ते कमी ताणले जाते. भार उचलणाऱ्या बंदाला हाच गुण हवा. पट्टी चारपदरी दुमडून दोन्ही कडांना टीप घातली, म्हणजे अडीच सेंटीमीटर रुंदीचा बळकट बंद तयार होतो.

आता खऱ्या गमतीला आरंभ होतो. बाहेरचे दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवावयाचे आणि कडेपासून १ सेंटीमीटर आत, तीन बाजूंनी टीप घालावयाची. अस्तराचेही तसेच; मात्र त्याच्या तळाशी सुमारे १५ सेंटीमीटरची जागा न शिवता मोकळी सोडावयाची. बाहेरची पिशवी उलटवून सुलटी करावी आणि तिच्या तोंडाशी बंद लावावेत. एका बाजूला एक बंद, त्याची टोके वर आणि पोट खाली. पाच किलो सामान उचलले, की तो सारा भार या चार टोकांवर येतो आणि चालताना प्रत्येक पावलाला त्यांना हिसका बसतो. म्हणून तेथे टीप मागेपुढे तीनदा फिरवावी.

मग ही सुलटी पिशवी उलट्या अस्तराच्या आत सारावी, दोघींची तोंडे जुळवावीत आणि सभोवार टीप घालावी. या क्षणी हातात जे असते, त्याला पिशवी म्हणावयास कोणी धजणार नाही. बंद कोठे दिसत नाहीत, चांगले कापड दिसत नाही. नुसता उसवलेल्या कडांचा बोचका! नवशिक्याचा धीर येथेच सुटतो. परंतु तळाशी राखलेल्या त्या वाटेतून कापड हळूहळू बाहेर ओढू लागले, की आधी एक कोपरा येतो, मग बंद येतात आणि पाहता पाहता सारी पिशवी सुलटी होऊन समोर येते. ती वाट बारीक टाक्यांनी हाताने शिवावी, अस्तर आत लोटावे आणि तोंडावर एक शेवटची टीप घालावी. साऱ्या उसवत्या कडा आता दोन कापडांच्या मध्ये कायमच्या झाकल्या गेल्या. डब्याचा कोपरा त्यांना घासणार नाही, की सुटा धागा कोणाच्या बोटाला अडकणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर पाण्याखाली गेले. पाणी तुंबण्याची कारणे अनेक होती. गटारांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हे त्यांपैकी एक. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशा पिशव्यांवर बंदी घातली आणि कापडी पिशवीला पुन्हा मान मिळाला. परंतु कापडही आकाशातून पडत नाही. विदर्भ-खानदेशच्या काळ्या जमिनीत शेतकरी पावसाकडे डोळे लावून कापूस पिकवतो. तो वेचावा, कातावा, विणावा लागतो. इतक्या हातांनी घडलेली पिशवी महिन्याभरात फाटून उकिरड्यावर गेली, तर त्या श्रमांचे चीज झाले असे कसे म्हणावे? कापडी पिशवीचे मोल तिच्या टिकण्यात आहे, आणि टिकणे बरेचसे अवलंबून आहे ते आतल्या, न दिसणाऱ्या शिवणीवर.

कितीही जपले तरी एके दिवशी बंद सैल होतो, अस्तर झिजते. तेव्हाही पिशवी टाकून देण्याचे कारण नाही. तळाचे हाताने घातलेले टाके तेवढे अलगद उसवावेत. ज्या वाटेने पिशवी सुलटी झाली होती, त्याच वाटेने ती पुन्हा उलटी होते. बंदाचे टोक सापडते, तेथे टीप घालता येते. झिजलेल्या कोपऱ्याला आतून ठिगळ लावता येते. मग वाट बंद करून पिशवी पुन्हा खुंटीवर टांगावी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणावयास तीच जाईल.