लांडगे, पनीर आणि आमची बुंदी

लांडगे! या सगळ्याचं मूळ लांडग्यांत आहे, आणि एवढी भारी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली कशी नाही? लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या ग्रुपवर, भेटेल त्याला मी सध्या हेच सांगत सुटलेय. तुम्ही चहा घेता घेता वाचत असाल तर कप जरा बाजूला ठेवा. विषय कुत्र्याच्या पिल्लाच्या शीचा आहे. नुसत्या शीचा नाही, पिल्लाने ती स्वतःच खाऊन टाकण्याचा!

आमची बुंदी बनेरघट्टा रोडवरच्या आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मली. महापालिकेच्या २०२३ च्या पाहणीत बंगळूरमध्ये २ लाख ७९ हजार भटकी कुत्री होती. त्यात आणखी एकीची भर नको म्हणून आम्ही तिला वर घेऊन आलो. लसी पुऱ्या होईपर्यंत खाली रस्त्यावर न्यायचं नाही, पार्व्हो विषाणूची भीती असते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून बाल्कनीत पेपर अंथरले. बुंदी शहाण्यासारखी पेपरवर जायची, आणि आम्ही कौतुक करायला पोचेपर्यंत पेपर साफ! कामाला येणाऱ्या अक्का "बेडा, बेडा!" (कन्नडमध्ये 'नको, नको!') म्हणून ओरडायच्या, तशी ही आणखी भराभर गिळायची.

मग सल्ले सुरू झाले. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "अगं, पोटात जंत असतील तिच्या. नाहीतर पोट भरत नसेल पोरीचं." कब्बन पार्कात रविवारी कुत्रेवाल्यांचा मेळाच भरतो, तिथे एकाने अननस सुचवला, दुसरीने लाल भोपळा. दुकानदाराने पावडरीचा डबा पुढे केला: जेवणावर भुरभुरवा, शीची चव बिघडते म्हणे. (शीची चव बिघडते! हे वाक्य त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने म्हटलं.)

त्या डब्याचं वाचता वाचता मला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे बेंजामिन हार्ट सापडले, आणि रात्री झोपच लागेना. या पशुवैद्यकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३ हजार कुत्रेमालकांना प्रश्न विचारले आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. १६ टक्के कुत्री हा प्रकार वारंवार करतात. म्हणजे दर सहा कुत्र्यांमागे जवळजवळ एक! आमची बुंदी वेडी नाही, आजारी नाही, आम्ही तिला उपाशीही ठेवलेलं नाही. बाहेर कुणी बोलत नाही, एवढंच.

आणि ती खातात ती बहुतेक ताजी, फार तर दोन दिवसांची. इथे येतात लांडगे. शीतून जंतांची अंडी बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. अंड्यांतून अळ्या होऊन त्या बाधण्याजोग्या व्हायला काही दिवस जावे लागतात. लांडगे एरवी गुहेपासून लांब जाऊन शी करतात, पण एखादा आजारी किंवा म्हातारा गडी गुहेपाशीच करून बसला तर? ती ताजी असतानाच कुणीतरी खाऊन टाकली की अळ्यांचा प्रश्नच मिटला, पिल्लं वाचली. हार्ट यांचा तर्क असा, की तीच खोड कुत्र्यांत उतरली. अहो, म्हणजे आमची बुंदी बाल्कनीत सफाई मोहीम चालवत होती!

त्यात पिल्लाचं पहिलं शिक्षणही तेच असतं. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपली आपण शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हाच होते, आणि ती सगळं खाऊन जागा स्वच्छ ठेवते. हत्तीचं पिल्लू आईची लीद खातं, घोड्याचं शिंगरूही खातं, त्यातून पोटाला लागणारे जिवाणू मिळतात. ससा तर आपल्या मऊ लेंड्या रोजच खातो आणि त्याला कुणी "शी!" म्हणत नाही.

बरं, आता त्या डब्याचं. हार्ट यांनी असल्या अकरा उत्पादनांबद्दल विचारलं होतं. यश? शून्य ते दोन टक्के! मी डबा तसाच परत करून आले, आणि पनीर घेतलं.

कारण खरा उपाय इतका सोपा निघाला, की लिहिताना हसू येतंय: शी तिथे राहूच द्यायची नाही. पिल्लाची वेळ ठरलेली असते. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर, आणि जेवण झालं की थोड्याच वेळात. त्या वेळी पट्टा लावून पेपरपाशी न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. झालं, की मागे वळून हुंगायच्या आत नाकापाशी पनीरचा नखाएवढा तुकडा, गोड हाक, दोन-चार पावलं लांब, मग तोंडात खाऊ. तेवढ्यात दुसऱ्याने पेपर उचलायचा. ओरडायचं नाही, धावायचं नाही, नाक तर मुळीच घासायचं नाही. धावलात तर तिला तो खेळ वाटतो किंवा तुम्ही हिसकावणार असं वाटतं, आणि ती आधी गिळते.

आणि मग ती सकाळ आली! बुंदीने शी केली, वळलीसुद्धा नाही, आणि कान उडवत थेट माझ्याकडे पळत आली: आण पनीर! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. त्यांनाही लांडग्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकली, हे विशेष.

आईचं म्हणणंही सोडून द्यायचं नाही. पिल्लाला जंताचं औषध वेळच्या वेळी लागतंच, आणि नुसत्या दही-भाताने वाढत्या पिल्लाचं भागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पिल्लांचं पुरेशा प्रथिनांचं खाणं हवं. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, शी सतत पातळ, तेलकट होत असेल किंवा भूक भागतच नसेल, तर स्वादुपिंडाचा किंवा अन्न अंगी न लागण्याचा आजार असू शकतो. मोठ्या कुत्र्याने ही सवय अचानक धरली, तरी तपासणी हवीच. बाहेर दुसऱ्या कुत्र्याची शी तोंडात घालू देऊ नका, पार्व्होचे विषाणू आणि जिआर्डियासारखे पोटातले परजीवी त्यातून येऊ शकतात. स्वतःची खाणाऱ्या पिल्लाची खोड मात्र बऱ्याचदा वाढत्या वयात आपोआप सुटते, आपण फक्त तोवर तिला संधी द्यायची नाही.

तेव्हा तुमच्या घरी असं पिल्लू असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सरळ सांगा आणि शीचा नमुना एकदा तपासून घ्या. अहवाल नीट आला, की पावडरीचे पैसे वाचवा आणि पनीर आणा.