कॅन्सरचा डॉक्टर हवाय, पण कसा?

पोस्ट जरा लांबली आहे, पण आपल्या खेड तालुक्यातल्यांनी वाचाच.

मागच्या वर्षी चुलतीच्या गालात आतून जखम झाली, भरेचना. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पहाटे राजगुरुनगर स्टँडवरून निघालो, नंबर लागला दुपारी. डॉक्टर हुशार, बोलायलाही चांगले. पण दारात तीस-चाळीस जण ताटकळत. बायोप्सी लिहून दिली, पुढचा पेशंट आत. काकी चाळीस वर्षं मिश्री लावते हे मीच सांगितलं. केसपेपरवर ते आलंच नाही. डॉक्टरांना दोष देत नाही. लिहून करणार काय? त्या कागदाकडे परत बघायला त्यांच्या ड्युटीत तासभरही नाही.

आता सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅन्सर उपचारांचं धोरण मंजूर केलंय. तीन स्तर, 18 रुग्णालयं, महाकेअर फाउंडेशन. चांगलंच आहे. मशिनं येतील, फिती कापल्या जातील. माझा प्रश्न डॉक्टरच्या जाहिरातीचा आहे. त्या पदाला नुसती ओपीडी आणि ऑपरेशनं, की आठवड्यातले दीड-दोन दिवस संशोधनासाठी राखलेले?

संशोधन म्हटलं की लोकांना उंदीर आणि काचेच्या नळ्या आठवतात. बार्शी बघा. तिथे डॉ. बी. एम. नेने पेशंटही बघत होते आणि अभ्यासही करत होते. 1987 मध्ये बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जायची, लक्षणं समजावून सांगायची. मग 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल सोबत होतं. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी आधी करा म्हणते. (तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी केली नाही यावर पुढे टीका झाली. मला ती टीका पटते. पण म्हणून अभ्यासच नको, हे पटत नाही.)

त्याआधीचं सांगायचं तर, 1941 मध्ये परळला टाटा मेमोरियल उघडलं तेव्हा पॅथॉलॉजीला मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉ. वसंत खानोलकर आणले. धोतराची गाठ बसते तिथे कमरेला होणारा कातडीचा कॅन्सर त्यांनी 1945 मध्ये मांडला. लोक काय नेसतात, काय चघळतात, हे विचारणारा माणूस होता.

आपल्याकडे चाकणला नाइट शिफ्टला तंबाखूची पुडी खिशात, आणि वर वाडा-डेहणे बाजूला बायकांच्या हातात मिश्रीची डबी. यातल्या किती जणांची तोंडं वर्षातून एकदा तरी कुणी बघतं? दोन-तीन ठिकाणी विचारलं, आकडा कुणाकडेच मिळाला नाही.

खासगीत मिळतो तेवढा पगार सरकार देणार नाही, मान्य. पण असा डॉक्टर फक्त पगारावर येत नाही. राखीव वेळ, नोंदी ठेवायला एक माणूस, गावात फिरायला दोन आशाताई आणि पाच वर्षं बदली नाही, एवढं लेखी द्या. नाहीतर चांगला माणूस येईल आणि सहा महिन्यांत राजीनामा देईल.

आमदार-खासदारांना द्यायचं निवेदन लिहायला घेतलंय. सही करणाऱ्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. काकीचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पहिली सही तिची.