वेलीची रजा

ऑकलंडमध्ये राहणाऱ्या माणसाकडे भारतातून आई-वडील आले की त्यांना तीन ठिकाणं दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे : स्काय टॉवर, हॉबिटन आणि वायहेके बेट. (कायदा मीच केलाय, पण इथली बरीच मराठी मंडळी तो पाळतात.) पहिल्या दोन्हींबद्दल नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अभिप्राय अनुक्रमे "उंच आहे" आणि "दारं एवढी बुटकी कशाला ठेवली?" असा होता. तिसऱ्याबद्दल मात्र ते अजून बोलतायत. म्हणून यावेळचा वीकेंड वायहेकेच्या नावाने.

आधी थोडी माहिती. वायहेके हे हौराकी आखातातलं ९२ चौरस किलोमीटरचं बेट. ऑकलंडच्या धक्क्यावरून फेरीने साधारण ४० मिनिटं. 'वाय' म्हणजे माओरी भाषेत पाणी. १९७८ साली गोल्डवॉटर नावाच्या जोडप्याने इथे वाइनसाठी द्राक्षाच्या वेली लावल्या. १९८२ मध्ये स्टोनीरिजची लागवड झाली आणि त्यांच्या 'लारोज' या रेड वाइनमुळे बेटाचं नाव लांबवर पोचलं. आता टेकडी चढून गेलं की जिकडे पाहावं तिकडे वेलींच्या सरळ रांगा आणि त्यांच्या खाली निळा समुद्र. एकूण काय, कंपनीच्या कॅलेंडरवर छापतात तसलं सगळं.

आता नानांची माहिती. निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. नाना ६१ वर्षांचे, त्यातली ३२ वर्षं बागेत गेलेली. गळ्यात तुळशीची माळ. दीड वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, "फवारणी, धावपळ बंद." नानांनी त्याचा अर्थ 'फवारणी पहाटेच उरकायची' असा लावला. माल तुटल्यावर मार्चच्या मध्यात ते आणि आई आमच्याकडे आले ते २ एप्रिलचं परतीचं तिकीट खिशात घेऊनच. का? तर खरड छाटणी. आमच्या दोन वर्षांच्या चिऊला आजोबा मिळणार, पण मोजून सतरा दिवस.

आई यायच्या आधीच फोनवर म्हणाली होती, "बाग वाट्यानं द्या म्हणावं. तू बोल. मी बोलले की भांडण होतं." म्हणजे बघा, वरकरणी 'रिलॅक्सिंग फॅमिली वीकेंड', पण आतला अजेंडा एकच कलमी. त्यात माझी ऑन-कॉलची पाळी, त्यामुळे लॅपटॉपही बरोबर. असो.

शनिवारी सकाळची फेरी पकडली. डाव्या हाताला रंगितोतो दिसतो. हा ज्वालामुखी सुमारे ६०० वर्षांपूर्वी समुद्रातून वर आला असं मी नानांना सांगितलं. ते थोडा वेळ हिशेब करत होते. मग म्हणाले, "म्हणजे माउलींच्या नंतरचा. अगदीच नवा आहे की!"

बेटावर ओनेटांगीच्या किनाऱ्याजवळ एक 'बॅच' घेतली होती. इथे सुट्टीतल्या साध्या घराला बॅच म्हणतात, इंजिनियरिंगच्या बॅचशी काही संबंध नाही. घरामागे भलीमोठी टाकी. बेटावर बहुतेक घरांना नळाचं पाणी नाहीच, छपरावर पडणारा पाऊस टाकीत साठवायचा आणि तोच वापरायचा. नानांनी टाकीवर टकटक करून पाणी किती आहे याचा अंदाज घेतला आणि "छपराचं शेततळं केलंय," म्हणून पावती दिली. स्काय टॉवरच्या नशिबी एवढं कौतुक नव्हतं.

दुपारी एका छोट्या व्हाइनयार्डवर गेलो. मार्च म्हणजे इथला काढणीचा हंगाम. वेलींवर पांढऱ्या जाळ्या टाकलेल्या होत्या. "गारांसाठी?" नानांनी विचारलं. मी म्हटलं, पाखरांसाठी. तेवढ्यात जाळीच्या वरच्या तारेवर चार साळुंक्या येऊन बसल्या. हो, आपल्या साळुंक्याच! १८७० च्या दशकात किडे खातील म्हणून माणसांनी त्यांना न्यूझीलंडमध्ये आणून सोडलं. आता त्या फळंही खातात आणि जायचं नाव घेत नाहीत. "तुमच्या आधीची बॅच ही," असं म्हणून बायकोने माझ्याकडे बघितलं.

वाइन टेस्टिंगचा भाग आमच्याकडे लवकर आटोपला. आईने ग्लासाचा वास घेतला, "काकवी बिघडल्यासारखी येतेय" म्हणाली आणि तो बायकोकडे सरकवला. नानांचा तर प्रश्नच नव्हता. ते कधीच बाहेर पडून वेलींच्या रांगेत शिरले होते. मी धावत मागे गेलो, तर तिथली मालकीण, पन्नाशीची एक बाई, त्यांच्यासमोर उभी. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

नाना मला म्हणाले, "विचार तिला, ब्रिक्स किती आलंय?"

मला काही विचारावंच लागलं नाही. 'ब्रिक्स' हा शब्द ऐकल्याबरोबर बाईंचा चेहरा उजळला. (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.) त्यांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, एक काळा, बारीक मणी त्यावर चिरडला आणि नानांच्या हातात दिला. नानांनी उजेडाकडे धरून बघितलं. २२. "आमच्याकडं अठराला माल तुटतो," ते मराठीतच म्हणाले. मग एक मणी तोंडात टाकून बिया तळहातावर घेतल्या. बाईंनी पानाची मागची बाजू दाखवत "पावडरी मिल्ड्यू" म्हणून तोंड वाकडं केलं. नानांनी "भुरी!" म्हणून तसंच तोंड वाकडं केलं. पुढची पंधरा मिनिटं दुभाषी म्हणून मी जवळजवळ बेकार होतो.

मधे मधे मात्र मला कामाला लावलं. एकरी माल किती निघतो? दोन-तीन टन, बाई म्हणाल्या. जास्त घड आले तर त्या स्वतः कापून खाली टाकतात, म्हणजे उरलेल्या मण्यांत चव उतरते. नाना हबकले. "आमच्याकडं एवढाच माल निघाला तर बँक दारात येऊन बसेल. सांग तिला." मी सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, बँक इथेही असते.

मग नानांनी विचारलं, "छाटणी कधी?"

"जुलै-ऑगस्टमध्ये. एकदा."

"एकदाच?"

इथे शहरातल्या वाचकांसाठी थोडं तांत्रिक. थंड प्रदेशात हिवाळा आला की द्राक्षाची पानं गळतात आणि वेल झोपी जाते. त्या झोपेत छाटणी करायची, वसंतात तिचे डोळे आपोआप फुटतात. (वेलीच्या कळीला आपल्याकडे डोळाच म्हणतात.) नाशकात एवढी कडक थंडी नसते, त्यामुळे वेल झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, नवी काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये दुसरी, फळासाठी. आणि डोळे एकदम, एकसारखे फुटावेत म्हणून ऑक्टोबरात काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. थोडक्यात, तो वेलीचा गजर. स्नूझचं बटण नसलेला.

हे सगळं मी बाईंना माझ्या परीने समजावलं. त्या ऐकून थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, "मग तुमच्या वेली दमत नाहीत?"

मी त्याचं भाषांतर केलं. नानांनी उत्तर दिलं नाही. हातातल्या बिया खाली टाकल्या आणि पायाने त्यांच्यावर माती ओढली.

संध्याकाळी चिऊ झोपली आणि नाना नि मी किनाऱ्यावर फिरायला निघालो. ओनेटांगीचा किनारा जवळपास दोन किलोमीटर लांब आहे, म्हणजे विषय काढायला भरपूर जागा. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात खिशातला फोन कोकलला. प्रॉडक्शनचा अलर्ट. उभ्या उभ्या दोन मेसेज टाकले, सहकाऱ्याला एक क्वेरी चालवायला सांगितली आणि फोन परत खिशात ठेवला.

"तुलापण पेस्ट लावतात वाटतं," नाना म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. "तुला आईनं काय बोलायला सांगितलंय ते मला माहितेय," ते म्हणाले. "बाग वाट्यानं द्यायची."

मी म्हटलं, "नाना, मी परत येऊन बाग करीन असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. ते खोटं होईल. पण तुम्ही फवारणी करताना चक्कर येऊन पडलात, तर मला इथून यायला दोन दिवस लागतील. एवढंच डोक्यात असतं."

बराच वेळ आम्ही नुसते चालत होतो. भरतीचं पाणी चपलांपर्यंत येत होतं.

"तू करावीस म्हणून मी बाग करत नाही रे," ते शेवटी म्हणाले. "सकाळी उठून जायला मला ते एकच ठिकाण आहे. वाट्यानं दिली की मी माझ्याच बांधावर पाहुणा."

आता यावर काय बोलणार? आमच्या ऑफिसात वर्क-लाइफ बॅलन्सवर दर तीन महिन्यांनी एक सेशन होतं. त्यात रजा कशी मागावी हे सांगतात. रजा घेतल्यावर आपण कोण उरतो, हे सांगत नाहीत. नानांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं तर तो प्रश्न एकट्या नानांचा नव्हता. सतत जागं ठेवलेल्या वेलीला झोप म्हणजे काय ते कळायला आधी थंडी अनुभवावी लागते. मी फोन काढला आणि उरलेला वीकेंड ऑन-कॉल सांभाळशील का, असं सहकाऱ्याला विचारलं. तो एका अक्षरात 'के' म्हणाला. एवढं सोपं असतं ते!

रविवारी पहाटे उठलो तर नाना अंगणात फोनवर. निफाडात शनिवारची रात्र, तिकडे माझा चुलतभाऊ. "जुना एकराचा प्लॉट काढून टाक यंदा," नाना सांगत होते. "पंधरा वर्षं झाली, दमलाय तो. पावसाळ्यात ताग पेर आणि गाड. वर्षभर जमीन तशीच पडू दे." मग थोडं थांबून, "राहिलेल्या दीड एकराची छाटणी तू बघ. निम्मा वाटा. पण ऑक्टोबर छाटणीला मी आहे, सांगून ठेवतो."

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती एक शब्दही बोलली नाही. आत गेली आणि चहा टाकला. त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती, हे आम्ही दोघांनीही ओळखलं आणि दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर येणारच आहे, अवकाळी पाऊस यायचा तेव्हा येणारच आहे आणि नाना फवारणीच्या ब्लोअरपासून लांब राहतील यावर माझा तरी विश्वास नाही. पण अडीच एकरांतल्या एका एकराला रजा मिळाली, आणि नानांचं तिकीट २ एप्रिलवरून ऑगस्टवर गेलं. आमच्या प्रेमापोटी, असा तुमचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. त्यांना जुलैमधली छाटणी बघायचीय. झोपलेली वेल कशी दिसते ते बघायचंय.

परवा त्यांच्या सांगण्यावरून मी व्हाइनयार्डच्या बाईंना मेल टाकली : वडील येऊ का म्हणून विचारतायत, कात्री घेऊन. बाईंचं लगेच उत्तर आलं, अवश्य या, पण व्हिजिटर व्हिसा आहे ना, त्यामुळे कात्री हातात देता येणार नाही. नुसतं बघावं लागेल.

मी भीतभीतच नानांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "चालेल की. बत्तीस वर्षांत नुसतं बघितलंय कुठं?"