साडेचार हातांवरचा चंद्र

भाऊबीज झाली की घरोघरच्या पणत्या पुसून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. वाचकहो, एवढी घाई करू नका. अजून एक रात्र उरलेली असते. अमावास्येपासून मोजून पंधराव्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा येते आणि तिलाही दिवे लागतात.

अमावास्येच्या दिव्याचे मला फारसे कौतुक वाटत नाही. आभाळभर काळोख असताना दिवा लावावा यात विशेष ते काय? तो तर शहाणपणाचा व्यवहार झाला. पण पौर्णिमेला, अंगणात पिठासारखे चांदणे सांडलेले असताना, तेल-वात घेऊन बसायचे आणि त्या चांदण्यात आणखी एक इवलीशी ज्योत मिसळायची, याला मन निराळे लागते. शंकराने त्रिपुरासुराची तीन नगरे जाळली, त्या आनंदाप्रीत्यर्थ हे दिवे, असे पुराण सांगते. मला मात्र वाटते, कुणा तरी बाईला चंद्राची ओवाळणी करावीशी वाटली असेल आणि पुराण मागाहून जुळले असेल.

ही ओवाळणी जिथे सगळ्यांत सुंदर होते असे एक ठिकाण मला ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या पुढे, कृष्णेच्या काठावर खिद्रापूर नावाचे गाव आहे. नदीपलीकडे कर्नाटक सुरू होते. गाव लहान, उसाच्या शेतांत दडलेले. पण तिथे कोपेश्वराचे देऊळ आहे. शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकातले. यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा, म्हणजे इसवी सन 1213-14 चा शिलालेख तिथे आहे. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला आणि शंकर कोपला, तो हा कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर होऊन शेजारीच बसला. देवळात नंदी नाही. तो सतीला घेऊन माहेरी गेला तो गेलाच, असे गावकरी सांगतात, आणि नदीपार यडूरला असलेल्या नंदीकडे बोट दाखवतात.

देवळाच्या पायथ्याशी दगडी हत्तींची रांग आहे, सारे देऊळ आपल्या पाठीवर तोलून धरणारी. यांतल्या पुष्कळ हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. भिंतीवरच्या किती तरी मूर्तींना चेहरे नाहीत. एखाद्या सुरसुंदरीच्या कमरेवरचा मेखलेचा मणी न् मणी शाबूत असतो आणि मान वर करून पाहावे तर नाकडोळ्यांच्या जागी नुसता खडबडीत दगड. आठ-नऊशे वर्षांत माणसांनी आणि काळाने मिळून हे केले.

देवळाच्या पुढे आहे तो स्वर्गमंडप. एकूण 48 खांब. आतल्या वर्तुळात 12. आणि या बारा खांबांच्या डोक्यावर छप्पर नाही! सुमारे 13 फूट व्यासाचे गोल आभाळ आहे. खाली बरोबर तेवढ्याच आकाराची एक गोल शिळा बसवली आहे. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या गवाक्षाच्या माथ्यावर येतो आणि वरचे आभाळ खालच्या शिळेवर उतरते. ते पाहायला दूरदूरची माणसे येतात. बायका खांबांच्या बैठकींवर आणि शिळेभोवती पणत्या मांडतात.

चंद्र नेमका त्याच रात्री माथ्यावर कसा येतो? यात चमत्कार नाही, भूगोल आहे. आणि मला तर तो चमत्काराहून गोड वाटतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कलंडलेला, सुमारे 16 ते 21 अंश. म्हणून पुनवेचा चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. त्याची स्वतःची वाट थोडी तिरपी असल्यामुळे कधी पाच अंश इकडे, कधी तिकडे. खिद्रापूरचा अक्षांश आहे पावणेसतराच्या जवळपास. म्हणजे त्या रात्री चंद्र इथल्या माणसाच्या डोक्यावर येणारच. तो शेतावरही येतो, गोठ्यावरही येतो, नदीवरही येतो. पण आपण मान वर करून बघावे म्हणून त्या शिल्पींनी आभाळाला एक चौकट करून दिली.

या रात्रीचा फोटो काढायचा माझा बेत जुना होता. फोटोचा नाद असणारी माणसे फार हिशेबी असतात. बाहेरून रसिक दिसतात, पण आत सारखे गणित चाललेले असते. हे गणित तर फारच गमतीचे निघाले. एका मेणबत्तीचा एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथाई उजेड दोन मीटरवर पडतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट उतरतो, हा शाळेतलाच नियम. आणि माथ्यावरच्या पूर्ण चंद्राचा उजेडही साधारण तेवढाच, त्या चौथाईएवढा! म्हणजे एक ज्योत दोन मीटरवर, आपल्या जुन्या मापाने चार-साडेचार हातांवर ठेवली, की तिची आणि चंद्राची बरोबरी झाली. साडेचार हातांच्या अलीकडे पणतीचे राज्य, पलीकडे चंद्राचे. हे समजले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. चंद्राला ओवाळणाऱ्या त्या बाईचा अंदाज अगदीच काही चुकला नव्हता!

पण कॅमेऱ्याची अडचण पुढेच आहे. चंद्रावर सूर्याचे ऊन पडलेले असते. त्याचे बिंब टिपायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. त्याच चंद्राच्या उजेडात न्हालेला काळा खांब टिपायचा, तर तेवढ्याच संवेदनेवर भिंगाचे तोंड बरेच उघडूनही चार-चार मिनिटे धीर धरावा लागतो. आणि चंद्र काही चार मिनिटे थांबत नाही. दर दोन मिनिटांना तो आपल्या बिंबाएवढा पुढे सरकतो. तेव्हा मी चंद्राच्या बिंबाचा नाद सोडला. त्याचे चांदणे शिळेवर बरोबर बसेल तेव्हा ती गोल शिळा, भोवतीचे बारा खांब आणि त्यांच्या पायांशी पणत्या, एवढेच मागायचे ठरवले. चार मिनिटांचा एक, असे तीन फोटो. त्यासाठी मधली बारा मिनिटे मी मनातल्या मनात राखून ठेवली होती.

संध्याकाळी पोचलो तेव्हा मंडपात झाडलोट चालली होती. गावची पोरे तेलाचे डबे आणि वातींच्या पिशव्या घेऊन पळत होती. शहरातून आलेल्या कुणी मेणबत्त्या काढल्या, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्यांना नक्षीपासून दूर ठेवायला लावले. मेण दगडाच्या कोरीव रेघांत एकदा शिरले की निघता निघत नाही. पहिली पणती लागली, मग दुसरी. मग कुणी किती लावल्या याची गणतीच राहिली नाही. काळा दगड हळूहळू तांबूस झाला. दिवसा जे चेहरे नव्हते ते दिव्याच्या हलत्या सावल्यांत असल्यासारखे वाटू लागले. मी एका कडेला तिवई रोवून बसलो. लोकही समजूतदार. माझ्या समोरून जाताना वाकून जात.

अकरा वाजून गेले असतील. एक आजी माझ्या शेजारी येऊन बसल्या. सोबत सात-आठ वर्षांची नात, झोपेने पेंगुळलेली. आजींनी ताटलीत साडेसातशे वातींचा त्रिपुर आणला होता. तुपात भिजवलेला, मुठीएवढा. चंद्र माथ्यावर आला की तो पेटवायचा, हा त्यांच्या घरचा नेम. थोडा वेळ त्यांनी माझ्या यंत्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दादा, त्रिपुर पेटला की हिचा एक फोटू काढ की.”

“काढू की. पण आजी, तुमच्याकडे मोबाईल असेल ना?”

“त्यातला नगं. कागदावरचा पायजे. भितीला लावायचा.”

मग त्यांनी सांगितले ते असे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला तेव्हा त्यांच्या घरात आढ्याच्या थोडे खाली पाणी होते. भांडी सापडली, पाटा-वरवंटा सापडला, जातेही होते तिथेच होते. भिंतीवरचे फोटो मात्र गेले. फोटोच्या कागदावर सरसासारखा पातळ थर असतो, चित्र त्यातच असते. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला चिकटून बसतो. काच सोडवू गेले तर चेहरा काचेबरोबर निघून येतो. तसाच त्यांच्या मुलाचा चेहरा निघून आला होता. मुलगा त्याच्या आधी वर्षभर गेलेला. त्याचा दुसरा फोटो नव्हता. नातीला बाप आठवत नाही.

“लहानपणी त्यो असाच हितं दिवा धरून बसायचा,” आजी म्हणाल्या. “हिच्या तोंडावर खालनं उजेड पडला की हनवटी अगदी त्येचीच दिसती. म्हनून म्हंते, त्रिपुराच्या उजेडातला काढ.”

फोटोच्या पुस्तकात लिहिलेले असते की चेहऱ्यावर खालून उजेड घेऊ नये. डोळ्यांवर उलट्या सावल्या पडतात, माणूस भुतासारखे दिसते. आजींना नेमका तोच उजेड हवा होता, आणि त्यांची गरज पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हती.

चंद्र गवाक्षाच्या कडेवरून आत सरकत होता. शिळेवरचे चांदणे तिच्या काठाला लागत चालले होते. कुणी तरी घंटा वाजवली, सारा मंडप एकदम गप्प झाला, आणि आजींनी त्रिपुर पेटवला. साडेसातशे वातींची ज्योत काही पणतीसारखी नसते. भस्सकन वीतभर उठते आणि फार वेळ टिकत नाही. माझी बारा मिनिटे आणि त्रिपुराची काही मिनिटे एकदमच सुरू झाली. मी तिवईवरून कॅमेरा उतरवला.

आठ वर्षांच्या पोरीला अर्धा सेकंद हलू नकोस म्हणून सांगणे म्हणजे नदीला थांब म्हणून सांगणे. पहिल्या फोटोत ती हसली आणि हलली. दुसऱ्यात धूर डोळ्यांत गेला. तिसऱ्यात वाऱ्याने ज्योत आडवी झाली. मग आजींनी आपला हात वाऱ्याच्या बाजूने ज्योतीला आडोसा म्हणून धरला आणि पोरगी तो हात पाहता पाहता एकदम स्थिर झाली. ओठ किंचित उघडे, हनुवटी पुढे काढलेली. तो फोटो मिळाला. मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चौकटीत आजींना दाखवला. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. नातीने डोके घालून पाहिले आणि विचारले, “आज्जे, ह्यो बाबा?”

“तू हाईस. पर त्योबी हाय,” आजी म्हणाल्या.

मी पुन्हा तिवई लावली तेव्हा चांदण्याचे वर्तुळ शिळेवरून बोटभर पूर्वेला ढळले होते. एकच फोटो घेतला, चार मिनिटांचा. त्यात शिळेचा पश्चिमेचा काठ काळोखात आहे, चंद्रकोरीसारखा. लोकांना तो आवडतो. चंद्रग्रहण आहे का, असे एकाने विचारलेही.

तो अचूक वर्तुळाचा फोटो मला मिळाला नाही याची हळहळ वाटते का, असे मला पुष्कळदा विचारतात. वाटते, थोडी. पण त्या फोटोची मुदत संपलेली नाही. सूर्य दर कार्तिकात दक्षिणेला जाणार, पुनवेचा चंद्र उत्तरेला येणार, आणि खिद्रापूरचा अक्षांश काही हलणार नाही. ते बारा खांब आठ शतके वाट पाहत उभे आहेत, आणखी एखादे वर्ष सहज थांबतील. आठ वर्षांच्या पोरीची हनुवटी मात्र कोणत्याही भूगोलाच्या नियमाने बांधलेली नाही. पुढच्या त्रिपुरीला ती आणखी वर्षाने मोठी होणार, आईसारखी दिसू लागणार, आणि मग बाप शोधायचा तो कुठे?

मार्गशीर्षात मी फोटो मोठा करून, चौकट करून खिद्रापूरला नेऊन दिला. काचेला कागद टेकू नये म्हणून चारी बाजूंनी पुठ्ठ्याची पट्टी घालून घेतली होती. आजींच्या घरी पुढच्या खोलीच्या भिंतीवर दोन मळकट रेघा होत्या: खालची 2021 च्या पुराची, वरची 2019 ची. चुना दोनदा लावूनही त्या गेल्या नव्हत्या. आजींनी स्टूल मागवले. वरच्या रेघेवर हात टेकवून वीत मांडली, मग आणखी एक वीत, मग थोडा विचार करून तिसरी. आढ्याला लागता लागता राहिलेल्या त्या जागी बोट ठेवून त्या शेजारच्या पोराला म्हणाल्या, “हितं ठोक रं खिळा. मान मोडून बघावं लागलं तरी चालंल.”