एकच घड्याळ, दोन गावं

ह्यांची शांघायला बदली झाली तेव्हा जो तो विचारायचा, "तिकडे भाज्या कुठल्या मिळतात?" वेळेचं कुणीच विचारलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही आलो आणि पुडोंगमध्ये बिऱ्हाड थाटलं. ह्वांगपू नदीच्या पूर्वेला, म्हणून पुडोंग. १९९० साली सरकारने इथे नवं शहर वसवायचं जाहीर केलं. त्याआधी बराचसा भाग शेतांचा आणि गोद्यांचा होता म्हणे. आता खिडकी उघडली की समोर नुसत्या इमारती.

संध्याकाळी नदीकाठी फिरायला गेलं की पलीकडे १९२७ सालचं कस्टम हाउस आणि त्याच्या मनोऱ्यावरचं भलंमोठं घड्याळ दिसतं. मुलं ते बघून वेळ ओळखायचा खेळ खेळतात. मी मात्र त्यात अमेरिकेतल्या एडिसन गावची वेळ बघायची. न्यू जर्सीतलं हे गाव. तिथे माझी ताई राहते.

गंमत अशी, की आम्ही आलो तेव्हा दोन्हीकडचे काटे एकाच जागी असायचे. आमचे रात्रीचे आठ, तर ताईकडे सकाळचे आठ. बरोब्बर १२ तास! म्हणून भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंच नाही. मी ओटा आवरायची, ती डबा भरायची आणि दोघींच्या गप्पा चालायच्या.

चीनमध्ये वेळेचा कारभार एकहाती. देश केवढा आडवा पसरलेला, पण १९४९ पासून घड्याळ एकच, बीजिंगचं. पार पश्चिमेला काश्गर नावाचं शहर आहे. नकाशात पाहिलं तर ते आमच्या सोलापूरच्याच रेखांशावर, ७६ अंशांच्या आसपास! सूर्य डोक्यावर येतो तो दोन्हीकडे एकाच वेळी. सोलापुरात तेव्हा साधारण साडेबारा वाजत आलेले असतात, आणि काश्गरच्या सरकारी घड्याळात तीन. मग लोकांनी जेवायचं कधी? तिथले पुष्कळजण आपापसांत दोन तास मागचं स्थानिक घड्याळ पाळतात. १ अंश म्हणजे ४ मिनिटं, हे मी शाळेत कितीदा फळ्यावर लिहिलं असेल, पण असा विचार कधी मनात आला नव्हता.

दिवाळीच्या आधी ताईच्या छातीत गाठ लागली. तपासणीला तुकडा पाठवला होता. फराळ केला, पण घशाखाली उतरेना. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, सोमवारी, डॉक्टर तिला सकाळी कळवणार होते. ताई म्हणाली, "साडेआठला मी तुला फोन करते. तू मात्र करू नकोस हं, फोन मोकळा राहू दे."

आमचे रात्रीचे साडेआठ वाजले. फोन नाही. पावणेनऊ. नऊ. ह्यांनी सांगितलं, "डॉक्टरांना उशीर झाला असेल." मला ते पटेना. चांगली बातमी असती तर ताई थांबली असती का? धाकट्याने दूध सांडलं, त्याला उगीच धपाटा घातला. देवापुढची समई दोनदा सारखी केली. त्या तासात मी काय काय ठरवून टाकलं, ते लिहवत नाही.

साडेनऊच्या ठोक्याला फोन वाजला. "साधी गाठ आहे गं! कॅन्सर नाही!" मी रडायलाच लागले. मग चिडून म्हटलं, "एक तास उशीर? जीव जायची वेळ आली होती."

"उशीर कुठला? साडेआठच तर वाजलेत."

झालं होतं असं, की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, पहाटे दोन वाजता त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली होती. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे घेतात. चीननेही हा खटाटोप १९८६ ते १९९१ करून पाहिला आणि सोडून दिला. रेखांश मोजले तर पुडोंग-एडिसन अंतर १३ तासांचंच भरतं. म्हणजे हिवाळ्यातला फरकच सूर्याला धरून! ताईला हे सारं माहीत होतं, पण त्या गडबडीत सांगायचं तिच्या डोक्यातून गेलं. तिचा तरी काय दोष?

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन एक स्वस्तातलं घड्याळ आणलं आणि पहिल्याच्या शेजारी टांगलं. हे म्हणाले, "मार्चमध्ये दोन्ही सारखीच दिसतील की."

म्हटलं, दिसू देत.