एक नंबर टीम कुणाची?

पोकेमॉनच्या टीम टूर्नामेंटआधी रँकिंग लावायचं काम ग्रुपने माझ्या गळ्यात मारलेलं. मॅचेस शनिवारपासून, आणि मी नेमकी किल्लारीला, आजीकडे. मग काय, ओसरीतच फोनवर वाद सुरू. “अरे, त्यांच्या कॅप्टनकडे गारचॉम्प आहे. त्याचा अर्थक्वेक म्हणजे शंभर पॉवर, फुल भूकंप! पहिला नंबर त्यांचाच!”

शेंगा फोडता फोडता आजी थांबली. “कशाचा भूकंप गं?”

“गेममधला,” म्हटलं आणि जीभ चावली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे ३.५६. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. माझा तेव्हा जन्मही नव्हता.

“त्यातून कोण वाचतंय का?”

“हो, उडणारे. त्यांना तो लागतच नाही.”

“बरंय त्यांचं,” आजी पुन्हा शेंगांकडे वळली. “आमाला कुठं उडता येतंय!”

रात्री लिस्ट बदलली. तीन उडणारे असलेली टीम पहिली, गारचॉम्पवाले दुसरे. ग्रुपवर कल्ला! “वेडी आहेस का? विजेचा एक झटका बसला की तिघंही आडवे!”

असतील. पण किल्लारीत बसून भूकंपाला पहिला नंबर कसा द्यायचा, सांगा?