नळ ४, पंखे ३

जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं त्या दिवशी ताबा घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात यादी होती. नळ ४, पंखे ३. त्यानं एकेक नळ सोडून पाहिला, एकेक बटण दाबलं. पाणी आलं, पंखा फिरला, यादीवर खूण झाली. बाबांनी सही केली. आई मागच्या दारी सीताफळापाशी उभी होती. झाड यादीत नव्हतं.

बाबा भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, क्वार्टर तिथलंच. तिथं दारूगोळ्याचं काम, म्हणून काडेपेटी गेटबाहेर ठेवावी लागे. सुट्टीच्या दिवशीही घराबाहेर पडताना बाबांचा हात खिसा चाचपायचा. शेजारी बंगाली कुटुंब, पलीकडे तेलुगू, समोर भंडाऱ्याचेच लोक. भोंगा झाला की साऱ्यांच्या सायकली एका दिशेनं निघायच्या. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी आईनं झाड लावलं होतं.

जवळच्या ठाणा पेट्रोल पंपावरून ट्रक सांगितला आणि सामान नागपूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. ते मावेना. दिवाण कुठं, कपाट कुठं, कूलरचा स्टँड ठेवायचा की विकायचा, यावरून आई-बाबांची रोज बोलाचाली होऊ लागली. इतकी वर्षं मी त्यांना असं भांडताना पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत एका मित्रानं मला जॉर्जियाचे काही लघुपट दिले. काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधला हा लहानसा देश ते लघुपट निघाले तेव्हा सोव्हिएत संघात होता. मिखाइल कोबाखिद्झे यांच्या १९६४च्या ‘लग्न’ या लघुपटात एका तरुणाला बसमध्ये भेटलेली मुलगी आवडते. तो मागणी घालायला तिच्या घरी पोचतो, तर तिथं तिचंच लग्न चाललेलं असतं. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे आईलाही सगळं कळलं. “बिचारा,” एवढंच ती म्हणाली.

मग लावला ओतार योसेलियानींचा ‘एप्रिल’, १९६१च्या सुमाराचा, पाऊण तासाचा. नवं जोडपं रिकाम्या घरात राहायला येतं. त्यांनी एकमेकांना जवळ घेतलं की दिवा आपोआप लागतो, नळाला पाणी येतं, शेगडी पेटते. हळूहळू घरात खुर्च्या येतात, कपाटं येतात, काचेची भांडी येतात. ज्या झाडाखाली दोघं भेटत, तेही फर्निचरसाठी तुटतं. भांडणं सुरू होतात आणि दिवा लागेनासा होतो. शेवटी दोघं सगळं सामान खिडकीतून खाली टाकून देतात.

नळाला आपोआप पाणी आलं, तेव्हा बाबा खुर्चीत सरसावून बसले. मला ती यादी आठवली. त्या माणसानं सोडलेले नळ, दाबलेली बटणं. त्या दिवशी सगळं चालू होतं आणि घर मात्र रिकामं होतं. बाबांनाही तेच आठवलं असणार, कारण ते आईला हळूच म्हणाले, “आपण आलो तेव्हा क्वार्टरमध्ये काय होतं गं?” आई म्हणाली, “एक सतरंजी अन् स्टोव्ह.”

सोव्हिएत सरकारनं ‘एप्रिल’ तेव्हा प्रदर्शित होऊ दिला नाही. योसेलियानी पुढं रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात कामाला गेले आणि १९६४मध्ये तिथल्या कामगारांवर त्यांनी छोटा माहितीपट केला. त्याचं नाव ‘तुजी’, म्हणजे बीड, ओतीव लोखंड. भट्टीजवळचे घामेजलेले चेहरे बाबा न बोलता पाहत राहिले. संपल्यावर म्हणाले, “हा माणूस आत काम केलेला आहे.” मी योसेलियानींबद्दल त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी दिवाण आणि मोठं कपाट आम्ही देऊन टाकलं. रिकाम्या झालेल्या जागेत आईनं सतरंजी अंथरली.

फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेल्या माझ्यासारख्या प्रत्येकाला सांगणं आहे: ‘एप्रिल’ आई-बाबांना शेजारी बसवून पाहा. आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तर यादीवाला येण्याआधी त्यांना रिकाम्या घरात थोडा वेळ दोघंच असू द्या. आम्ही ते केलं नाही.